जुनं सिको फाइव्ह घेतोय. खरं आहे की नाही, कसं ओळखू?

माळीनगरकर (रविवार, दुपारी ४:१०)

मंडळी, घड्याळांतलं मला काडीचंही कळत नाही. पण इथे जाणकार बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारतो.

धाकट्या भावाची पुढच्या महिन्यात पन्नाशी आहे. आमच्या मामांच्या हातात असायचं तसं सिको फाइव्ह त्याला हवंय. नवं नको, जुनंच. आज सकाळी पुण्यात जुन्या बाजारात एक दिसलं. झगझगीत निळी डायल, वार-तारीख, चावी चारच्या आकड्याजवळ, स्टीलचा पट्टा. विकणारा म्हणाला, "साहेब, सत्तर सालचं आहे, ओरिजिनल जपान, मशीन टकाटक." साडेतीन हजार सांगितले, अडीचपर्यंत येईल असं वाटतं. फोटो काढू दिले. मागचं झाकण उघडायला मात्र हत्यार नाही म्हणाला, बुधवारी या.

फोटो इथे चढत नाहीयेत, म्हणून त्यात जे वाचता येतं ते लिहितो. डायलवर वर 'सिको', त्याखाली पाचाची ढाल. मग 'ऑटोमॅटिक', '२१ ज्वेल्स' आणि 'वॉटरप्रूफ'. अगदी तळाशी बारीक अक्षरात 'जपान' आणि ६११९ ने सुरू होणारा नंबर. मागच्या झाकणावर ७००९ ने सुरू होणारा नंबर, 'वॉटर रेझिस्टंट', आणि एक वेगळा सहा आकडी नंबर, जो ८५ ने सुरू होतो.

वार इंग्रजीत दिसतो, पण चावी ओढून फिरवली की मधे मधे अरबी अक्षरं येतात. हे बघून जरा शंका आली. अरबी सिको असतं का? घ्यावं की सोडावं?

कोकमकढी (रविवार, ४:२५)

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही एक आहे, जाणकार आले की विचारेन.

लंबक (रविवार, ६:४०)

माळीनगरकर, अरबी वाराची काळजी सोडा. तुमच्या घड्याळात ती एकच गोष्ट निर्धास्त आहे. आखाती देशांत विकायला सिकोने इंग्रजी-अरबी वारांची चाकं बसवलेली घड्याळं भरपूर काढली. दुबई, कुवेत, मस्कतला नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना तीच घेऊन यायची. रत्नागिरी-रायगडात अशी घड्याळं अजून घराघरांत सापडतील.

बाकी मात्र सगळं एकमेकांशी भांडतंय.

सिकोच्या झाकणावरच्या नंबरात पहिले चार आकडे आतल्या मशीनचे असतात, त्यापुढचे केसचे, म्हणजे मशीन ज्यात बसतं त्या धातूच्या डब्याचे. डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याच्या खाली, भिंगाशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात असाच एक नंबर छापलेला असतो. पुढचे आकडे दोन्हीकडे सारखे असतीलच असं नाही, कारण एकाच केसमध्ये त्यांनी वेगवेगळ्या डायली बसवल्या. पण पहिले चार जुळलेच पाहिजेत. तुमच्याकडे मागे ७००९ आणि पुढे ६११९. ही दोन वेगवेगळी मशीनं आहेत. ६११९ हे साठच्या दशकाच्या अखेरीचं, ७००९ त्याच्या बऱ्याच नंतरचं.

आता तो सहा आकडी नंबर. त्याचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा आकडा म्हणजे महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला 'एन' आणि डिसेंबरला 'डी'. दशक कुठेच लिहिलेलं नसतं, ते मशीनवरून आपण ठरवायचं. ८५ म्हणजे आठ साल, मे महिना. १९६८ असू शकत नाही, कारण तेव्हा ७००९ जन्मालाच आलं नव्हतं. म्हणजे मे १९७८ किंवा मे १९८८. 'सत्तर सालचं' हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

अजून दोन गोष्टी. ज्वेल्स म्हणजे मशीनची झीज कमी करायला आत बसवलेले खडे. ७००९ हे सतरा ज्वेल्सचं मशीन आहे, तुमची डायल एकवीस सांगते. आणि १९७० च्या आसपास सिकोने 'वॉटरप्रूफ' लिहिणं सोडून 'वॉटर रेझिस्ट' लिहायला सुरुवात केली. मागे रेझिस्टंट आणि पुढे प्रूफ असं घड्याळ कारखान्यातून बाहेर पडणार नाही.

थोडक्यात झाकण एका घड्याळाचं आणि डायल दुसऱ्याच कशाची तरी. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

माळीनगरकर (रविवार, ७:०५)

बापरे! म्हणजे ते चक्क खोटं आहे?

चिमटा_आणि_भिंग (रविवार, ९:५०)

'खोटं' म्हणायची घाई नको. माझे वडील घड्याळजी होते, गिरगावात छोटंसं दुकान होतं, म्हणून आतल्या बाजूने थोडं सांगतो.

मुंबईची हवा डायलला खाते. पावसाळ्यात केसमध्ये ओल शिरली की दोन-चार वर्षांत डायलवर काळे ठिपके पडतात, रंग फुगतो, अक्षरं उडतात. नवी डायल मागवणं परवडायचं नाही आणि मिळायचीही नाही. मग गिऱ्हाईकच सांगायचं, "डायल रंगवून द्या." डायल रंगवणारे कारागीर वेगळे असत. घड्याळजी डायल काढून त्यांच्याकडे पाठवायचा. जुना रंग पितळेपर्यंत उतरवायचा, नवा रंग फवारायचा, त्यावर लॅकरचा पारदर्शक थर, आणि मग कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ पॅडवर उचलून डायलवर ठसा मारायचा. मालक खूश, कारण घड्याळ त्याचंच असायचं आणि त्याला ते आणखी वीस वर्षं वापरायचं असायचं. यात फसवणूक कसलीही नव्हती.

गोची अशी की कारागिराकडे प्रत्येक मॉडेलची प्लेट नसे. सिको फाइव्हची जी एक प्लेट असेल तीच सगळ्यांना. माळीनगरकरांच्या डायलवरचे ६११९, २१ ज्वेल्स आणि वॉटरप्रूफ हे तिन्ही एकाच प्लेटमधून आले असणार.

पुढे हीच कला विक्रीसाठी वापरली जाऊ लागली. मूळ डायल रुपेरी किंवा राखाडी असायची, पण परदेशी गिऱ्हाइकाला नेटवर भडक रंग आवडतात हे लक्षात आलं. मग नारिंगी, पोपटी, जांभळ्या, दोन रंगांच्या डायली निघाल्या. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना नावच 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकून वाईट वाटतं, पण नाव कमावलंय आपण.

रंगवलेली डायल भिंगाखाली कशी ओळखायची ते सांगतो. भिंग दहापटीचं पुरे, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

पहिलं बघायचं ते तारखेच्या खिडकीची कड. मूळ डायलला ती कड धारदार, स्वच्छ असते. रंगवलेल्या डायलवर रंग कडेवरून आत ओघळून सुकलेला दिसतो, कोपरे गोलसर होतात. मग चिकटवलेल्या धातूच्या खुणांच्या बुडाशी बघा. खुणा न काढता फवारा मारला असेल तर तिथे रंगाचं तळं साचतं. नंतर अक्षरं. कारखान्यातल्या छपाईत सगळ्यात बारीक ओळसुद्धा सुटी सुटी वाचता येते. ठशाच्या अक्षरांची पोटं भरलेली असतात, 'ए' आणि 'ओ' च्या आतलं भोक अर्धं बुजलेलं. शेवटी मिनिटांच्या रेघा. बाराची आणि सहाची रेघ खुणेच्या बरोबर मध्यावर येते का? ठसा जरासा फिरला तरी एका बाजूला जुळवलेलं दुसऱ्या बाजूला सुटतं. आणि मिनिटकाट्याचं टोक त्या रेघांना टेकलं पाहिजे. अलीकडेच थांबत असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे.

ही पाहणी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नका. बाहेर उन्हात या आणि घड्याळ तिरपं धरा.

साडेतीन_शहाणा (रविवार, १०:१५)

अडीच हजारांच्या घड्याळासाठी एवढी सीआयडी? त्यापेक्षा थोडे पैसे घालून नवं घ्या की. वॉरंटी मिळेल, बिल मिळेल, वहिनींची बोलणी वाचतील.

लंबक (रविवार, १०:३२)

शहाणा, त्यांच्या भावाला जुनं हवंय असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

साडेतीन_शहाणा (रविवार, १०:३४)

वाचलं होतं. तरी सांगितलं. :)

ऑरेंजसिटी_बाबा (सोमवार, सकाळी ८:०२)

मस्त धागा हाये भाऊ. माहा बी एक सवाल हाये, वेगळा धागा काढाले आळस आला म्हणून इथंच इचारतो.

नेटवर एक एचएमटी पायलट पाह्यलं. डायल लाल भडक, त्याच्यावर विमानाचं चित्र अन् खाली तिरंगा. विकणारा म्हणून राहिला का एअरफोर्सच्या पायलटायले दिलेलं हाये, कधी वापरलंच नाही, न्यू ओल्ड स्टॉक. वरून म्हणते ऑटोमॅटिक हाये. साडेचार हजार मांगून राहिला. घेऊ का?

निशा_वैद्य_काणकोण (सोमवार, ९:४०)

बाबा, घेऊ नका.

जरा इतिहास सांगते, कारण एचएमटी हा माझा जीव की प्राण विषय. हिंदुस्तान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला. सुरुवातीच्या घड्याळांवर दोघांचीही नावं सापडतात. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबागलाही कारखाने झाले. जनता आणि पायलट ही त्यांतली सगळ्यात लाडकी, आणि दोन्हींत तेच मशीन, ०२३१, सतरा ज्वेल्स, रोज चावी द्यायची. हाताने चावी द्यायचं. ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरलं जाणारं. ऑटोमॅटिक पायलट म्हणतो तो विकणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. ऑटोमॅटिक हवं तर एचएमटीचं कांचन बघा.

पायलटची ओळख म्हणजे काळी डायल, त्यावर ठळक आकडे, चमकणारे काटे. लाल डायल, विमान, रणगाडा, तिरंगा, पॅराशूट हे सगळे अलीकडचे कारागिरीचे नमुने. सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि लोकांना एकदम प्रेम आठवलं. भाव चढले. सुटे भाग, मशीनं, केस बाजारात होतेच, त्यातून नवीकोरी घड्याळं जुळवली गेली. गंमत म्हणजे अशा घड्याळात मशीन बहुतेक वेळा अस्सल ०२३१ च असतं, चालतंही झकास. फक्त ते घड्याळ एचएमटीने कधी बनवलेलंच नसतं.

आणि 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणजे न वापरलेला जुना माल. मग झाकणावर हत्याराचे ओरखडे का? स्क्रूच्या खाचा विस्कटलेल्या का? पट्टा अडकवायच्या भोकांच्या आतल्या बाजूला पिनांच्या घासटलेल्या खुणा का? या तीन जागांचे फोटो मागा, वय आपोआप कळेल.

एक मात्र लक्षात ठेवा. देवनागरीत 'जनता' लिहिलेली डायल बघून कुणी नाक मुरडलं तर ऐकू नका. तशी घड्याळं एचएमटीने स्वतः काढली होती. डायल ताजी रंगवलेली आहे का एवढं तपासा, भाषेवरून बाद करू नका.

ऑरेंजसिटी_बाबा (सोमवार, ९:५५)

लय धन्यवाद ताई. त्याले झाकण खोलून फोटो मांगतो आता.

कोकमकढी (सोमवार, दुपारी १:३०)

निशाताई, सुंदर माहिती. आता माझा प्रश्न. सासऱ्यांच्या वडिलांचं वेस्ट एंड कंपनीचं 'सोवार प्राइमा' घड्याळ आहे. काळे आकडे, त्यात पिवळट-तपकिरी मसाला भरलेला. अंधारात अजिबात चमकत नाही. एक गृहस्थ घ्यायला तयार आहेत, पण म्हणतात रेडियम गेलंय, नवीन भरून द्या. द्यावं का भरून?

पदार्थविज्ञानाचा_मास्तर (सोमवार, ३:०५)

कृपया भरू नका, आणि तो जुना मसाला खरवडू तर मुळीच नका.

चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असा समज आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, तुमच्या घड्याळातलं जवळजवळ सगळंच शिल्लक आहे. संपलं आहे ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, जे प्रकाश देत असे. सततच्या किरणांच्या माऱ्याने ते निकामी होतं. त्यामुळे घड्याळ अंधारात काळंठिक्कर आणि तरी किरणोत्सारी, असं दोन्ही एकदम असू शकतं. झाकण-काच बंद असताना घाबरायचं कारण नाही. उघडून आकडे खरवडले तर ती भुकटी श्वासात जाते, धोका तिथे आहे. लहान मुलांना खोलायला देऊ नका.

साठच्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य साधारण १२ वर्षं, म्हणून जुनी ट्रिटियमची घड्याळं आता खरंच विझलेली असतात. स्विस डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर दिसलं तर ते ट्रिटियम.

यातून तपासणीचा एक सोपा मार्ग निघतो. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च मारा आणि मग खोलीतला दिवा घालवा. १९६५ चं म्हणून विकलेलं घड्याळ हिरवंगार होऊन बराच वेळ तसंच राहिलं तर मसाला अलीकडे भरलेला आहे. काटे चमकले आणि डायल नाही, किंवा उलट, तर दोन्ही एका काळातले नाहीत.

चिमटा_आणि_भिंग (सोमवार, ३:४०)

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. शिवाय कोकमकढी, वेस्ट एंड ही स्विस कंपनी असली तरी तिची नाळ मुंबईशी आहे, १८८६ पासून. तिच्या न छेडलेल्या डायलला आता मान आहे. त्या गृहस्थांना जसं आहे तसं हवं असेल तर द्या, नाहीतर घरातच राहू द्या.

झुरिकची_वहिनी (सोमवार, रात्री ११:२०)

इकडचा एक किस्सा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात ओमेगा या स्विस कंपनीचं १९५७ चं स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख फ्रँकच्या वर गेलं. ओमेगाने स्वतःच्या संग्रहालयासाठी घेतलं होतं. २०२३ मध्ये कळलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं, आणि ओमेगाच्याच तेव्हाच्या काही कर्मचाऱ्यांचा त्यात हात असल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे घड्याळ बनवणाऱ्यालाच त्याचं घड्याळ गंडवून विकलं! माळीनगरकर, जुन्या बाजारातल्या माणसावर फार रागावू नका.

साडेतीन_शहाणा (सोमवार, ११:३१)

वहिनी, तो निदान अडीच हजारांतच गंडवतोय.

लंबक (मंगळवार, सकाळी ७:५०)

बुधवारी जाणार असाल तर एवढं करा.

घड्याळ हातात घेऊन कानाशी धरा आणि हळू डोलवा. आतलं वजन सुळसुळत फिरल्याचा आवाज येतो, खडखड आली तर बेअरिंग झिजलेलं. ७००९ ला चावी देता येत नाही, हलवूनच चालू होतं. त्यामुळे चावी फिरवून काही भरलं जात नाही म्हणून बिघडलंय असं समजू नका. उलट चावी भरली जात असेल तर आत ७००९ नाही. सेकंदकाटा बघा. ते मशीन सेकंदाला सहा ठोके मारतं, काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. 'ऑटोमॅटिक' लिहिलेल्या डायलवर काटा सेकंदाला एकदा थांबून उडी मारत असेल तर आत सेलवालं मशीन घातलंय. असेही महाभाग आहेत.

मग चावी पहिल्या टप्प्यापर्यंत ओढा. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला वार बदलला पाहिजे. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान काटे असतील तर हे करू नका, दात तुटतात. आधी काटे सहावर आणा. नंतर काटे पुढे नेत नेत बारा ओलांडा. वार-तारीख दोन्ही उलटायला हवेत. वार अर्धवट अडकणं हा जुन्या सिकोचा नेहमीचा आजार, दुरुस्त होतो पण भावात धरायचा.

फोनवर टिकटिक मोजणारी ॲप्स असतात. रोज किती सेकंद पुढे-मागे जातं याचा अंदाज त्यावरून बरा लागतो. त्यातल्या बाकीच्या आकड्यांवर फार विसंबू नका, फोनचा माइक तेवढा चांगला नसतो.

झाकण उघडल्यावर मशीनवर कोरलेला नंबर वाचा आणि केसच्या आतल्या भिंतीला गंज आहे का बघा. मशीनला धरून ठेवणारं प्लास्टिकचं कडं जागेवर हवं. त्याऐवजी कागदाची घडी किंवा चिकटपट्टी दिसली तर मशीन त्या केसचं नाही.

नेटवरून घेणाऱ्यांसाठी: सुटे फोटो मागू नका, ते कुठल्याही घड्याळाचे असू शकतात. चिठ्ठीवर आजची तारीख लिहून शेजारी ठेवा, आणि डायल दाखवण्यापासून झाकण उघडेपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, असं सांगा. खरा विकणारा कुरकुरत का होईना, देतो.

खटाववाला (मंगळवार, दुपारी १२:१०)

मुंबईकरांसाठी: चोर बाजारात मटण स्ट्रीटवर घड्याळवाले बरेच आहेत. शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो. पण पहाटेच्या अंधारात डायल काय दिसणार? पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उजेडात जावं.

माळीनगरकर (बुधवार, रात्री ८:४५)

जाऊन आलो. भिंग घेऊन गेलो होतो, बायको हसत होती.

झाकण उघडून घेतलं. आत मशीन ७००९ च आहे, सतरा ज्वेल्स, कडंही जागेवर. म्हणजे झाकण आणि मशीन जोडीचं, डायल तेवढी उपरी. तारखेच्या खिडकीत रंग ओघळलेला चिमटा यांनी सांगितला होता अगदी तसा, निळा थेंब कडेवर सुकून बसलाय. तळाच्या ओळीत 'जपान' चे दोन्ही 'ए' भरून गेलेले. उन्हात धरल्यावर पाचाच्या ढालीभोवती रंगाची कड स्पष्ट दिसली.

विकणाऱ्याला म्हटलं, डायल रंगवलेली आहे. माणूस अजिबात खजील झाला नाही. म्हणाला, "साहेब, रंगवलेली नसती तर चमकली असती का? तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंच नाही." मग स्वतःच दीड हजारावर आला. शिवाय डबा उघडून आणखी चार सिको दाखवली. त्यात एक रुपेरी डायलवालं होतं. काच इतकी घासलेली की आतलं नीट दिसेना. डायलवर दोनच्या बाजूला पिवळट डाग. पण भिंगातून बघितलं तर तळाशी ७००९, झाकणावर ७००९, डायलवर सतरा ज्वेल्स, खिडकीची कड स्वच्छ. सहा आकडी नंबर १एन ने सुरू होतो. त्याचे तो दोन हजार आठशे म्हणतोय. वार मधेच अडकतो. आज घेतलं नाही, त्याला रविवारपर्यंत ठेवायला सांगितलंय.

आता सांगा, चकचकीत दीड हजार की डागवालं अठ्ठावीसशे?

लंबक (बुधवार, ९:१०)

१एन म्हणजे नोव्हेंबर १९८१ किंवा १९९१. डागवालं. वार दुरुस्त करायला लागेल, त्याचे पैसे भावातून काढा. अडीचला द्यायला हरकत नसावी.

साडेतीन_शहाणा (बुधवार, ९:१८)

भावाला विचारलंत का? पन्नाशीच्या दिवशी डागाळलेलं घड्याळ बघून त्याचं तोंड कसं होईल? मला तर निळंच आवडलं असतं. दीड हजारात चालू मशीन आणि झकास रंग, कुणी फसवलंही नाही, कारण आता माहीत आहे.

चिमटा_आणि_भिंग (बुधवार, ९:५०)

शहाण्यांचं म्हणणं चुकीचं नाही. रंगवलेलं माहीत असून, रंगवलेल्याच्या भावात घेतलं, तर ते रोज वापरायला उत्तम घड्याळ आहे. पण तुम्ही मामांच्या हातातल्यासारखं म्हणालात, आणि मामांच्या हातात अशी निळी डायल असण्याची शक्यता कमी.

रुपेरी घेतलंत तर काच बदला, ती सहज मिळते आणि फरक जमीन-अस्मानाचा पडतो. सर्व्हिसिंग करून घ्या, मागच्या झाकणाचं रबर नवं टाका. डायलला हात लावू देऊ नका, कापसानेसुद्धा पुसू नका, छापलेली अक्षरं कापसावर येतात. केसला पॉलिशही मारू देऊ नका. घड्याळजी सवयीने "फुकट करून देतो" म्हणतो. मशीनवर धरलं की कडा गोल होतात आणि झाकणावरचे नंबर पुसट होतात. मग पुढच्या माणसाने काय वाचायचं?

माळीनगरकर (बुधवार, १०:२०)

ठरलं, रुपेरी. रविवारी घेतो. पुण्यात जुनं सिको नीट उघडणारा घड्याळजी कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर नको.

निशा_वैद्य_काणकोण (बुधवार, १०:४१)

व्यनि केला आहे. ऑरेंजसिटी, तुमच्या पायलटचं काय झालं?

ऑरेंजसिटी_बाबा (गुरुवार, सकाळी ७:३५)

काय होते ताई! म्या त्याले म्हटलं, चिठ्ठीवर तारीख लिहून झाकण खोलाचा व्हिडिओ पाठव. त म्हणे, मिल्ट्रीचं घड्याळ हाये, खोललं त वॉटरप्रूफ जाते. म्या म्हटलं, बरं, ऑटोमॅटिक हाये ना, मंग हलवून दाखव. ब्लॉक केलं ना भाऊ त्यानं.